गाऱ्हाणं कुणाच्या दारी?

रत्नागिरीत तक्रारींनाही हंगाम असतो. डिसेंबर सरत आला की 'थंडीच पडली नाही, मोहोर येणार कुठून' इथून सुरुवात होते. मोहोर आला की त्यावर तुडतुडे आणि फुलकिडे. फळ धरलं की अवकाळी पाऊस, पेटी वाशीला पोचली की दलाल. मे महिन्यात विहीर तळाला जाते आणि त्याच वेळी मुंबईची मंडळी ओटीवर हजर होतात. पहिल्या सरीबरोबर लाइट जाते. गणपतीच्या गाड्यांचं आरक्षण उघडतं आणि बघता बघता संपतं. बारा महिने पुरणारा विषय म्हणजे मुंबई–गोवा महामार्ग. त्याच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला. तेव्हा शाळेत असलेली मुलं आता स्वतःच्या मुलांना घेऊन त्याच खड्ड्यांतून गावी येतात. दहावीला कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, पण तिथेही 'पहिले येऊन करायचंय काय, शेवटी पोरं पुण्यालाच जाणार' हे वाक्य तयार असतं.

अडचण अशी की यातलं जवळजवळ सगळं खरं आहे. सतत कुरकुर करणारा माणूस सहसा खोटं बोलत नाही. त्यामुळे त्याला 'सकारात्मक राहा' म्हणणं म्हणजे त्याच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाकारणं. तो आणखी चिडतो, आणि त्याचं चिडणं रास्तही असतं. तरीही अशा माणसाजवळ अर्धा तास बसलं की आपला जीव मेटाकुटीला येतो, हेही तितकंच खरं.

तिरकस बोलणारे वेगळे, रडतराऊ वेगळे

रत्नागिरीबद्दल लिहिताना हा फरक आधी सांगावाच लागतो, नाहीतर अर्धं शहर तक्रारखोरांत जमा होईल. पु. ल. देशपांड्यांची रत्नागिरी ही सासुरवाडी. सुनीताबाई इथल्या ठाकुरांच्या, आणि 1946 मध्ये त्यांचं लग्नही इथेच झालं. 1962 च्या 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा हा इथल्या मधल्या आळीचा. त्याच्या तिरकस नजरेतून गाव, पुढारी, सुधारणा काहीच सुटत नाही. पण त्याला कुणी किरकिऱ्या म्हणणार नाही, कारण त्याचं बोलणं ऐकणाऱ्याला काहीतरी देऊन जातं. त्या वाक्यांना टोक असतं आणि शेवटही असतो. शिवाय त्या बोलण्यामागे एकट्या म्हाताऱ्याचं दुःख आहे, ते पुलंनी पुरतं ओळखलेलं आहे. ते त्याला सुधारायला जात नाहीत, त्याच्याजवळ बसतात.

रडगाण्याची ओळख वेगळी. शब्द तेच, क्रम तोच, ऐकणारा मात्र रोज नवा चालतो. उपाय सुचवला की 'खरं आहे रे, पण...' हे उत्तर ठरलेलं. एरिक बर्न या मानसोपचारतज्ज्ञाने 1964 च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात या संवादाची नीट चिरफाड केली आहे. एक जण अडचण मांडतो, बाकीचे 'तू असं का करत नाहीस' म्हणत उपाय पुढे करतात आणि तो प्रत्येक उपाय परतवून लावतो. शेवटी सगळे गप्प होतात आणि डाव तोच जिंकतो. बर्नच्या मते तिथे उपाय हवाच नसतो. 'माझी अडचण तुमच्या आवाक्याबाहेरची आहे' एवढं सिद्ध झालं की काम झालं.

आणखी एक खूण आहे. मूळ कारण नाहीसं झालं तरी तक्रार उरते. लाइट आली की बिलाचा विषय निघतो. मुलगा गावी येऊन राहिला तर 'इथे बसून करतो काय', आणि परत गेला तर 'आम्हाला टाकून गेला'.

मन असं का वागतं

चांगल्यापेक्षा वाईटाची छाप मनावर खोल उठते, हे आपण अनुभवाने जाणतोच. रॉय बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये या विषयावरच्या ढीगभर अभ्यासांचा आढावा घेतला, आणि नातेसंबंधांपासून शिकण्यापर्यंत जवळपास सगळीकडे हेच चित्र दिसलं. त्यामुळे पन्नास पेट्या नीट गेल्या आणि दोन नासल्या, तर संध्याकाळी चर्चा दोनचीच होणार. त्यात माणसाच्या स्वभावाचा फारसा दोष नाही. मेंदूची ठेवणच तशी आहे.

मात्र 'मनातलं ओकून टाकलं की हलकं वाटतं' ही समजूत तपासून घ्यायला हवी. ब्रॅड बुशमन यांनी 2002 मध्ये केलेल्या प्रयोगात काही जणांच्या निबंधावर मुद्दाम झोंबणारे शेरे मारले. मग एका गटाला, शेरे मारणाऱ्याला डोळ्यांसमोर आणून बॉक्सिंगच्या पिशवीवर गुद्दे मारायला सांगितलं. राग त्यांचाच जास्त उरला. नुसते गप्प बसवलेले लोक त्यांच्यापेक्षा शांत होते. त्याच वर्षी अमांडा रोझ यांनी शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास मांडला. तेच तेच दुखणं मिळून उगाळत बसणाऱ्यांची मैत्री घट्ट होत होती, आणि मन मात्र जास्त खिन्न नि काळजीग्रस्त. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर हे रोज बघायला मिळतं. चार जण एकाच गोष्टीला शिव्या देतात तेव्हा जी जवळीक तयार होते, ती सोडवत नाही. तक्रार सोडली तर मित्रही सुटतील, ही भीती त्यात असते.

तिसरी गोष्ट हताशपणाची, आणि मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये दाखवलं की टाळता न येणारा त्रास वारंवार भोगलेला प्राणी पुढे सुटका शक्य असतानाही हलत नाही. याला 'शिकलेली असहायता' असं नाव पडलं. जवळजवळ पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी आपलं म्हणणं उलटं करून मांडलं. लांबलेल्या त्रासापुढे हात टेकणं ही जन्मजात प्रतिक्रिया असते. शिकावी लागते ती 'माझ्या हालचालीने काही बदलतं' ही गोष्ट. म्हणजे कुरकुऱ्या माणसाला एखादी बारीकशी तक्रार तडीस गेल्याचा अनुभव मिळाला, तर ते दहा प्रवचनांहून मोलाचं.

कोकणाला यात आणखी एक पदर आहे. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये मांडलं होतं की एखादी व्यवस्था बिघडली की माणसापुढे दोन वाटा असतात, आवाज उठवायचा किंवा निघून जायचं. इथल्या कित्येक पिढ्यांनी दुसरी वाट धरली आणि गिरणगाव गाठलं. धडपडी माणसं मुंबईला, मनिऑर्डर गावाला. मागे राहिलेल्यांकडे आवाज होता, पण ऐकायला कोण? त्या आवाजाची पुढे पुढे पुटपुट झाली, असा माझा कयास आहे.

थिबा आणि टिळक

तक्रार रास्त असूनही माणसाला कशी खाते, याचं उदाहरण रत्नागिरीच्याच एका टेकाडावर उभं आहे. 1885 च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेतून उचललं आणि मद्रासमार्गे 1886 च्या एप्रिलात रत्नागिरीला आणून ठेवलं. त्याच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग अर्ज लिहिण्यात गेला. भत्ता पुरत नाही, देणी झाली आहेत, राहायची जागा राजाला साजेशी नाही, मंडालेहून गेलेलं नगामाउक नावाचं माणिक परत मिळावं. एकूण एक तक्रार समजण्यासारखी. राजवाडा मिळायला 1910 उजाडलं. त्यात सहा वर्षं काढून 1916 च्या डिसेंबरात तो गेला. आज त्या थिबा पॅलेसमध्ये वस्तुसंग्रहालय आहे आणि राजाची समाधीही शहरातच आहे.

नियतीने याची उलटी बाजूही रत्नागिरीलाच दाखवली. 1856 मध्ये इथे जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांना 1908 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी झाली थेट मंडालेला. 1912 मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, ते त्यांना तुरुंगात कळलं. तिथेच 1910–11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्य' पेन्सिलीने लिहून झालं. ते 1915 मध्ये छापून आलं.

या दोघांना शेजारी उभं करून थिबाला नावं ठेवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. टिळकांच्या शिक्षेला शेवटची तारीख होती. थिबाच्या हद्दपारीला नव्हती. मुदत माहीत असलेला माणूस दिवस मोजू शकतो आणि दिवस मोजता आले की काम आखता येतं. आपल्या आसपासच्या कुरकुऱ्यांपैकी किती जण बेमुदत अडचणीत आहेत हे एकदा बघावं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारी सून, पंधरा वर्षं कोर्टात अडकलेला जमिनीचा वाटा, आज ना उद्या कायम होऊ या आशेवरची कंत्राटी नोकरी. यांना 'टिळकांकडे बघा' म्हणू नये.

टिळक तक्रार करत नसत असंही नाही. त्यांचं सारं वर्तमानपत्र गाऱ्हाण्यांवर उभं होतं. पण 1896 च्या दुष्काळात 'केसरी'ने नुसता हंबरडा फोडला नाही. सरकारच्याच दुष्काळ संहितेत सारासूट कुठे लिहिली आहे हे शेतकऱ्याला समजावून सांगितलं आणि ती मागा म्हणून बजावलं. कुणाकडे, कशाच्या आधारावर आणि काय मागायचं, हे तिन्ही त्यात होतं.

देवापुढे मांडायची रीत

गावऱ्हाटीला हे फार आधीपासून ठाऊक होतं. कोकणात ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस, बहुधा गुरव किंवा मानकरी, देवळात सगळ्यांसमोर उभा राहतो आणि ज्याचं जे मागणं असेल ते त्याच्या नावानिशी देवाच्या कानावर घालतो. जमलेले लोक मध्ये मध्ये होकार भरतात. मग नारळ फुटतो आणि माणसं घरी जातात. इथे ऐकणारा ठरलेला आहे, मांडणारा ठरलेला आहे, साक्षीला गाव आहे आणि नारळ फुटला की विषय संपतो. रात्री अंथरुणात तेच गाऱ्हाणं पुन्हा घालायचं नसतं.

शिमग्याची फाकही त्यातलीच. वर्षभराचं मनातलं होळीच्या भोवती बोंब मारून मोकळं करायला इथे परवानगी आहे, आणि तीही तारखेपुरती. होळी झाल्यावर शिमगा करणाऱ्याला गाव हसतं. बुशमनच्या प्रयोगाशी हे जुळत नाही असं कुणी म्हणेल. पण शिमग्याच्या आरोळीत ढोल असतो, पालखी असते, हसणं असतं. एकट्याने एकाच माणसाचा चेहरा आठवत गुद्दे मारणं त्यात नाही.

चिपळूणने काय केलं

22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, दुकानं गेली, माणसं गेली. 2005 चा पूर लोकांच्या डोळ्यांसमोर होताच. त्यानंतरचे कित्येक आठवडे शहरात दुसरं बोलणं नव्हतं, आणि ते साहजिकच होतं. कोयनेचं अवजल, धरणाचे दरवाजे, उशिरा आलेली मदत, नदीपात्रातला गाळ, पूररेषा, सगळे विषय एकाच दमात निघायचे.

पुढे त्या गोंधळातून एक मागणी वेगळी काढली गेली: नदीतला गाळ काढा. चिपळूण बचाव समितीने डिसेंबर 2021 मध्ये त्यासाठी साखळी उपोषण धरलं. जलसंपदा विभागाची यंत्रं पात्रात उतरली आणि नाम फाउंडेशनही कामात उतरलं. पुराचा प्रश्न त्याने कायमचा मिटला असं कुणी समजू नये. दर पावसाळ्यात चिपळूणकर नदीकडे धास्तीनेच बघतात. पण 'सरकारला आमची पर्वा नाही' हे वाक्य आणि 'अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणापर्यंतचा गाळ पावसाळ्याआधी काढा' हे वाक्य, यांत फार अंतर आहे. पहिल्याला कुणी हो किंवा नाही म्हणू शकत नाही. दुसऱ्याला म्हणावंच लागतं.

नोंदवायची कुठे

ज्यांना खरोखर काही व्हायला हवं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. लाइटची तक्रार 1912 या क्रमांकावर. बिलावरचा ग्राहक क्रमांक हाताशी ठेवा. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि तिसऱ्या सोमवारी तालुक्याला लोकशाही दिन असतो, त्यासाठी अर्ज आधीच ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. 'आपले सरकार' संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार टाकता येते. दाखला, उतारा, नोंद अशी सेवा मुदतीत मिळत नसेल तर 2015 चा लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दंडही आहे. फाइल कुठे अडली हे विचारायला 2005 चा माहिती अधिकार: दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. महामार्गाच्या रखडपट्टीवर तर उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली आहे. आणि गावच्या पाणंदीपासून नळापर्यंतच्या गोष्टींना ग्रामसभा आहे, जिथे ओटीवर तावातावाने बोलणारे निम्मे लोक फिरकत नाहीत.

टोकन नंबर मिळाला की तो लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी नुसती कुरकुर न करता नंबर सांगता येतो.

घरातला माणूस

शेजारच्याला टाळता येतं, ऑफिसातल्यापासून टेबल लांब घेता येतं. घरातल्याचं काय करायचं?

समजा नाना ओटीवर बसले आहेत, पाऊस कोसळतोय आणि पंखा थांबतो.

"गेली. जाणारच. या खात्याला कुणाचं पडलंय?"

"येईल हो नाना थोड्या वेळात," असं म्हटलंत तर नाना ताठ होतात. तुम्ही त्यांना लहान मूल समजलात. आता ते मागच्या वर्षी तीन दिवस लाइट नव्हती तिथपासून सुरू करतील. "अहो, आमच्याकडे तर काल रात्रभर नव्हती," म्हटलंत तर संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. दोघे मिळून खात्याचे, मग सरकारचे, मग सगळ्या जमान्याचे वाभाडे काढाल. तिसरी तऱ्हा अशी:

"किती वाजता गेली नाना?"

"साडेचारला. चहा ठेवत होती ही तेव्हा."

"समोर आहे का?"

"समोर आहे. जोश्यांकडे आहे. म्हणजे आपलीच फेज गेली. डीपीवर फांदी टेकल्ये, मी आठवडाभर सांगतोय."

"मग हे फांदीचं तुम्हीच सांगा फोनवर, तुम्हाला नेमकं माहीत आहे. बिल कुठंय?"

आता नाना तक्रारदार राहिले नाहीत, माहीतगार झाले. किती वाजता, कुठे, कोणती फांदी. दिवसभर ओटीवर बसणाऱ्या माणसाला गावातल्या बिघाडाची जेवढी बारीक माहिती असते तेवढी वायरमनलाही नसते. बागेतही तेच. 'यंदा काही खरं नाही' म्हणणाऱ्या गड्याला कोणत्या कलमाच्या कोणत्या फांदीवर फुलकिडे आधी दिसले ते विचारा, तो अचूक सांगेल. तपशील विचारणं हा मला माहीत असलेला सर्वांत उपयोगी उपाय. दर वेळी लागू पडत नाही, पण सल्ल्यापेक्षा पुष्कळ बरा.

दुसरं, विचारून घ्या: "मावशी, यावर काही करूया, की नुसतं ऐकू?" बहुतेक वेळा नुसतं ऐकायचंच असतं. मग एकदा पूर्ण ऐकावं, फोन बाजूला ठेवून. अर्धवट ऐकलेली तक्रार पुन्हा येते. ऐकायलाही हद्द लागते. "दहा मिनिटं बसते, साडेपाचला नळ यायचा आहे," असं आधीच सांगितलं तर कुणाला राग येत नाही. पाणी भरणं हे इथे सर्वमान्य कारण आहे.

तिसरी गोष्ट मुंबई-पुण्यात राहणाऱ्या मुलांसाठी. आई फोनवर गुडघ्यांचं सांगते तेव्हा आपण पंधरा मिनिटं बोलतो, आणि 'बरी आहे' म्हणाली की दोन मिनिटांत ठेवून देतो. गुडघे दुखले की मुलगा बोलतो, हे आईला कुणी सांगावं लागत नाही. बऱ्या दिवशी जास्त वेळ बोलावं. आज वालाचं बिरडं केलंस का, भैरीच्या देवळात कोण कोण आलं होतं, रातांब्याचं किती पाणी काढलंस, असं काहीही.

ऑफिसातल्या कुरकुऱ्याला मात्र कागद द्यावा. "हे लिहून द्या, सोमवारी बैठकीत घेऊ." लिहायला बसलं की निम्म्या तक्रारी गळतात. उरलेल्या निम्म्या साहेबांनी खरोखर वाचाव्यात, कारण छपराला कुठे गळती लागणार हे किरकिर करणाऱ्यालाच आधी कळतं.

कुरकुर नव्हे, आजार असेल तर

आयुष्यभर हसतमुख असलेला माणूस दोन-चार महिन्यांत अचानक तक्रारखोर झाला, तर तो स्वभाव समजू नका. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा रडण्यातून न दिसता अंगदुखी, अपचन, झोप नाही, 'मला कुणी विचारत नाही' अशा वाटेने बाहेर पडतं. कमी ऐकू येऊ लागलेला माणूस संशयी आणि चिडका होतो. थायरॉइडनेही मन खचतं. आधी डॉक्टर, मग उपदेश.

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, 1886 पासूनचं. थिबा ज्या वर्षी आला त्याच वर्षीचं. 'वेड्यांचं इस्पितळ' म्हणून त्याचं नाव घ्यायला लोक अजून कचरतात, आणि त्यापायी साध्या नैराश्याची माणसं वर्षानुवर्षं घरात कुढत राहतात. तिथवर जायला मन धजत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून ही सरकारी सेवा सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा कुणी करत असेल तर ती तक्रार म्हणून कधीही सोडून देऊ नये.

आपणच ते असलो तर

हे ओळखायची साधी खूण: आपण बोलायला लागलो की समोरचा 'हं' म्हणतो आणि पुढचं काही विचारत नाही.

सकाळी सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर 'नेहमी सकारात्मक राहा' असं लिहून पाठवणाऱ्यांचा यात काही उपयोग नाही, हे माझं स्पष्ट मत. नुसत्या गोड कल्पनांनी उलट नुकसान होतं. गाब्रिएले ओटिंगेन आणि थॉमस वॉडन यांनी 1991 मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. आपण किती छान बारीक होऊ याची सुखद चित्रं रंगवणाऱ्यांचं वजन कमी उतरलं. ओटिंगेन यांचा पुढचा सल्ला असा की हवं ते डोळ्यांसमोर आणा, आणि लगेच त्याच्या आड येणारा अडथळाही आणा. आंबा बागायतदार हे रोजच करतो. चांगल्या मोहोराची आशा धरतो आणि फवारणीचा पंपही दुरुस्त करून ठेवतो.

रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलो यांचा 2003 चा अभ्यास मला या बाबतीत जास्त कामाचा वाटतो. एका गटाने दर आठवड्याला ज्यांबद्दल कृतज्ञ वाटलं अशा पाचेक गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने मनस्ताप देणाऱ्या, तिसऱ्याने साध्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपलं आयुष्य दुसऱ्या गटापेक्षा बरं वाटत होतं आणि त्यांचा व्यायामही जास्त झाला होता. आठवड्यातून एकदाच लिहायचं होतं हे लक्षात घ्या. आपण मनस्तापाची यादी दिवसातून चार वेळा करतो, तीही तोंडी.

दुसरं साधन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचं, जे मराठीत कि. मो. फडके यांनी वर्षानुवर्षं लिहून आणि शिकवून रुजवलं. इच्छा आणि हट्ट वेगळे करायचे. 'रस्ता चांगला असता तर बरं झालं असतं' ही इच्छा आहे, तिच्यातून अर्ज निघतो. 'रस्ता चांगला असलाच पाहिजे, नाहीतर हे जगणं कसलं' हा हट्ट आहे, त्यातून रक्तदाब निघतो. खड्डा दोन्हींत तेवढाच.

दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे सरकारी परीक्षेला बसायला शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला गेले. मुलगा वयाने लहान दिसतो म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना बसूच दिलं नाही. रास्त तक्रारीला एवढं कारण पुष्कळ झालं. पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाले. पुढचं त्यांचं काम सर्वांना माहीत आहे.

करून बघायचं असेल तर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला तीन रकाने आखा: काय, कुणाला सांगायचं, कधीपर्यंत. दिवसभर जे जे खुपेल ते पहिल्या रकान्यात. रात्री जेवणानंतर दुसरा भरायला बसा. पाण्याचं प्रेशर: नगरपालिका. बसची वेळ: डेपो मॅनेजर. सुनेने हळदीकुंकवाला विचारलं नाही: सून. इथे हात थबकतो, पण नाव तेच आहे, शेजारीण नव्हे. ऑक्टोबरचा उकाडा: रकाना कोराच राहणार, तेव्हा त्याबद्दल दिवसातून एकदा बोलायला हरकत नाही.